टीव्हीवर अडणारे व्हिडिओ: आकार किती ठेवायचा आणि पुन्हा एन्कोड कधी करायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरच्या व्हिडिओंचा मोठा साठा आहे: जुन्या कॅमकॉर्डरच्या टेपवरून उतरवलेल्या एव्हीआय फाइल्स, डिस्कवरून काढलेल्या एमकेव्ही आणि मोबाइलवर केलेलं चित्रीकरण. पेन ड्राइव्ह टीव्हीला लावला की काही फाइल्स नीट चालतात, काहींचं चित्र दिसतं पण आवाज येत नाही, काही अडखळतात, तर काही यादीतच येत नाहीत. एका कन्व्हर्टरने सगळं सरसकट १२८० बाय ७२० करून पाहिलं, तर माणसं बसकी दिसायला लागली, उभे व्हिडिओ आडवे ताणले गेले आणि बऱ्याच फाइल्स मूळपेक्षा मोठ्या झाल्या. मग आकार किती ठेवायचा आणि सेटिंग कोणती?

आकाराकडे येतोच, पण सगळ्या फाइल्सना एकच माप लावण्यातच खरी गडबड आहे. टीव्ही फाइल नाकारतो त्याला कारणं बरीच असतात आणि त्यातली अनेक पुन्हा एन्कोड न करता सुटतात. एन्कोड केलेली फाइल म्हणजे आधीच बरीच माहिती टाकून दिलेलं चित्र. ते उघडून परत दाबलं की आणखी थोडं जातं आणि गेलेलं कुठल्याही सेटिंगने परत येत नाही. म्हणून टीव्ही ज्यावर अडतोय तेवढंच बदलायचं आणि बाकीच्याला हात लावायचा नाही. पुढचं सगळं या एकाच धोरणाने सांगतोय.

पहिलं काम निदानाचं. मीडियाइन्फो हा फुकट प्रोग्रॅम घ्या, फाइल त्यात टाका आणि टेक्स्ट व्ह्यू उघडा. मजकूर लांबलचक असतो, पण बघायच्या गोष्टी मोजक्या: कंटेनर (व्हिडिओ आणि ऑडिओ एकत्र ठेवणारं वेष्टन, जसं एमकेव्ही किंवा एमपी४) कोणता, व्हिडिओचा कोडेक (चित्र दाबण्याची पद्धत) आणि त्याचं प्रोफाइल-लेव्हल (त्या पद्धतीचा उपप्रकार आणि डिकोडरवरच्या ताणाची मर्यादा), रुंदी-उंची आणि त्याशेजारचं डिस्प्ले आस्पेक्ट रेशो (पडद्यावर दाखवायचं प्रमाण), फ्रेमदर स्थिर आहे की बदलता, स्कॅन प्रोग्रेसिव्ह की इंटरलेस्ड, बिट डेप्थ ८ की १०, आणि ऑडिओचा प्रकार. चालणारी एक आणि न चालणारी एक अशा दोन फाइल्सची माहिती शेजारी शेजारी ठेवली की दोष बहुधा तिथेच सापडतो. टीव्हीच्या माहितीपुस्तिकेतही शेवटच्या पानांवर कुठकुठले प्रकार चालतात त्याचा तक्ता असतो. तो कोणी वाचत नाही, पण वाचावा.

एक नमुना घेऊ. फाइल एमकेव्ही, व्हिडिओ एव्हीसी म्हणजेच एच.२६४, प्रोफाइल हाय, लेव्हल ४.१, १९२० बाय ८००, ८ बिट, ऑडिओ डीटीएस (आवाज दाबण्याची एक पद्धत) सहा चॅनल. तक्रार: चित्र दिसतं, आवाज नाही. इथे व्हिडिओमध्ये काहीच वावगं नाही. डीटीएसचा परवाना न घेतलेले टीव्ही भरपूर आहेत, ते हा ऑडिओ वाजवत नाहीत, बस. मग एफएफएमपेग या कमांडवर चालणाऱ्या फुकट प्रोग्रॅमला सांगायचं की व्हिडिओ जसाच्या तसा कॉपी कर आणि फक्त ऑडिओ एसी-३ किंवा एएसीमध्ये बदल. दोन तासांचा सिनेमा काही मिनिटांत होतो आणि चित्राचा एक पिक्सेलही हलत नाही. हेच काम कन्व्हर्टरला दिलं तर तो निमूटपणे व्हिडिओही पुन्हा एन्कोड करतो, तासन् तास घेतो आणि चित्र आधीपेक्षा वाईट करून देतो. हँडब्रेक हा फुकट कन्व्हर्टर माझ्या रोजच्या वापरातला आहे, पण त्याची ही मर्यादा लक्षात ठेवा: तो ऑडिओ तसाच पुढे पाठवू शकतो, व्हिडिओ मात्र दरवेळी पुन्हा एन्कोडच करतो.

सहा चॅनलचा आवाज टीव्हीच्या दोन स्पीकरसाठी स्टीरिओ करताना संवाद बारीक आणि दणदणाट मोठा अशी तक्रार हमखास येते. संवाद मधल्या चॅनलमध्ये असतात. सहाचे दोन करताना तो चॅनल कमी करून दोन्हीकडे वाटला जातो, आणि आवाज फाटू नये म्हणून एकूण पातळी आणखी खाली येते. टीव्हीला एसी-३ चालत असेल तर सहा चॅनल तसेच ठेवून त्यात बदलणं बरं, मिश्रणाचं काम टीव्हीवर सोडा. स्टीरिओ करावंच लागलं तर गेन थोडा वाढवा आणि संवादाचा प्रसंग ऐकून बघा, धमाक्याचा नको.

एन्कोड न करता सुटणारा दुसरा प्रकार कंटेनरचा. आतला व्हिडिओ साधा एच.२६४, ऑडिओ एएसी, पण टीव्हीला एमकेव्ही ओळखता येत नाही. तेच दोन्ही प्रवाह एमपी४मध्ये हलवले की काम झालं. फाइल यादीत अजिबात दिसत नसेल तर आधी हीच शंका घ्यायची. त्याआधीही एक बघा: पेन ड्राइव्ह फॅट३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर मावतच नाही. मग लोक तेवढ्यासाठी चांगला व्हिडिओ लहान करत बसतात. टीव्हीला एक्सफॅट किंवा एनटीएफएस वाचता येत असेल तर ड्राइव्ह तसा फॉरमॅट करा. नसेलच वाचता येत, तर एमकेव्हीटूलनिक्स या प्रोग्रॅममध्ये फाइलचे दोन भाग करता येतात, तेही एन्कोड न करता.

आता ज्यांना खरोखर पुन्हा एन्कोड लागतं ते. यातलं सगळ्यात फसवं प्रकरण १० बिटच्या एच.२६४चं. मीडियाइन्फोमध्ये प्रोफाइल हाय १० असं दिसतं. संगणकावर झकास चालतं, टीव्हीवर मात्र काळा पडदा किंवा रंगांचे ठोकळे, कारण टीव्हीमधल्या डिकोडर चिपा ८ बिटच्या एच.२६४साठीच बनवलेल्या असतात. एचईव्हीसी (एच.२६५) या नव्या कोडेकचं तसं नाही, त्यातलं १० बिट नवे ४के टीव्ही आरामात चालवतात. पण एचईव्हीसी हे २०१३ मधलं मानक आहे आणि एव्ही१ २०१८ मधलं. त्यामुळे जुन्या संचाला ही दोन्ही अनोळखीच. २००३ मध्ये आलेलं एच.२६४ मात्र जवळजवळ सगळीकडे चालतं. कुठल्या घरात, कुठल्या प्लेअरवर चालवायचं हे नक्की नसेल तर मी आजही डोळे झाकून एच.२६४, ८ बिट, हाय प्रोफाइल, लेव्हल ४.१ देतो.

ही लेव्हल म्हणजे काय ते कळलं की मोबाइलचे व्हिडिओ का अडखळतात तेही कळतं. एच.२६४ चित्राचे १६ बाय १६ पिक्सेलचे चौकोन पाडतं आणि प्रत्येक लेव्हल सांगते की डिकोडरने सेकंदाला असे किती चौकोन पेलले पाहिजेत. ४.१ साठी ती मर्यादा २,४५,७६० आहे. १९२० बाय १०८०च्या एका फ्रेममध्ये ८,१६० चौकोन येतात. ३० फ्रेमना २,४४,८०० झाले, म्हणजे जेमतेम बसलं. मोबाइलने ६० फ्रेमनी घेतलं असेल तर हा आकडा दुप्पट होतो आणि जुना प्लेअर धापा टाकतो. १२८० बाय ७२०च्या फ्रेममध्ये ३,६०० चौकोन, ६० फ्रेमना २,१६,०००. हे बसतं. म्हणजे पर्याय दोन: १०८० ठेवून ३० फ्रेम, किंवा ७२० करून ६० फ्रेम. नाच, खेळ, पळणारी मुलं असतील तर मी दुसरा घेतो, कारण हालचालीतला गुळगुळीतपणा गेला की लगेच जाणवतो, पिक्सेल कमी झालेले दहा फुटांवरून फारसे जाणवत नाहीत. भाषणं, समारंभ, निसर्ग असेल तर पहिला.

लेव्हलमध्ये आणखी एक गोष्ट बांधलेली असते, संदर्भ फ्रेम, म्हणजे एखादं चित्र बांधताना डिकोडरने हाताशी ठेवायच्या दुसऱ्या फ्रेम. ४.१ मध्ये १०८०च्या चित्राला चारच संदर्भ फ्रेम मावतात. काही जण दर्जा चांगला मिळावा म्हणून एक्स२६४ या एच.२६४ एन्कोडरचा व्हेरीस्लो प्रीसेट (तयार सेटिंगचा संच) वापरतात, त्यात मूळ सेटिंग १६ संदर्भ फ्रेमचं आहे. मग फाइल संगणकावर उत्तम आणि टीव्हीवर चित्र मध्येच फाटतं. हँडब्रेकमध्ये लेव्हल ४.१ निवडून ठेवली की तो हे आवरतं घेतो. हाताने सेटिंग देणाऱ्यांनी स्वतः बघावं.

मोबाइलच्या फाइल्समध्ये फ्रेमदर बदलताही असतो. प्रकाश कमी झाला की मोबाइल सेकंदाला ३० ऐवजी २४-२५ फ्रेम घेतो आणि परत उजेडात वर जातो. टाइमस्टॅम्प नीट वाचणाऱ्या प्लेअरला याचं काही वाटत नाही, पण काही प्लेअरांत आवाज हळूहळू मागेपुढे सरकतो आणि एव्हीआयमध्ये बदललं तर सरकणारच. एन्कोड करतोच आहोत तर फ्रेमदर ३० आणि कॉन्स्टंट करून टाका. बाकी कुठल्याही व्हिडिओचा फ्रेमदर बदलू नका. २५चा २५, २३.९७६चा २३.९७६. फ्रेमदर वाढवून चित्र गुळगुळीत होत नाही, काही फ्रेम दोनदा दिसून झटके मात्र बसतात.

नव्या मोबाइलवरचे एचडीआर (उजेड-अंधाराचा मोठा पल्ला टिपणारे) व्हिडिओ साध्या टीव्हीवर फिके, राखाडी दिसतात. ते साध्या ८ बिटमध्ये आणताना टोन मॅपिंग, म्हणजे तो पल्ला साध्या पडद्याच्या पल्ल्यात बसवणं, करावं लागतं, नुसता कोडेक बदलून फिकेपणा जात नाही. एफएफएमपेगमध्ये त्यासाठी वेगळा फिल्टर आहे. पुढच्या चित्रीकरणासाठी कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये एचडीआर बंद करून ठेवणं हा त्याहून सोपा इलाज.

आता मूळ प्रश्न, आकार. माणसं बसकी का झाली? टेपवरचं चित्र ७२० बाय ५७६ असं साठवलेलं असतं, पण ते दाखवायचं असतं ४:३ प्रमाणात. तिथले पिक्सेल चौरस नसतात. ती फाइल कन्व्हर्टरने सरळ १२८० बाय ७२०च्या १६:९ चौकटीत ताणली. रुंदी ज्या मानाने वाढली त्या मानाने उंची वाढली नाही, आणि घरातले सगळे एकदम जाडजूड झाले. बरोबर हिशोब असा: ४:३ प्रमाणात ५७६ उंचीला रुंदी येते ७६८. म्हणून चौरस पिक्सेलमध्ये ७६८ बाय ५७६ ठेवा, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतील, त्या येऊ द्या. टेप १६:९ मध्ये घेतलेली असेल तर १०२४ बाय ५७६. हँडब्रेकमध्ये डायमेन्शन्सच्या पानावर ॲनामॉर्फिक (चौरस नसलेले पिक्सेल ठेवण्याचा पर्याय) ‘नन’ केलं की तो हे गणित स्वतः करतो. ‘ऑटोमॅटिक’ ठेवलं तर ७२० बाय ५७६ तसंच राहतं आणि ‘मला इतकं रुंद करून दाखव’ अशी खूण फाइलमध्ये जाते. तीही बरोबरच पद्धत आहे, पण ती खूण न वाचणारे टीव्ही आहेत, म्हणून मी चौरस पिक्सेलच देतो. खरी रुंदी ७०४ धरायची की ७२० यावर तावातावाने वाद घालणारे लोक आहेत. घरच्या टीव्हीवर तो फरक दिसत नाही.

चित्र मोठं मात्र करू नका. ५७६ ओळींचा व्हिडिओ १०८० करून त्यात नवा तपशील येत नाही, फाइल फुगते फक्त. पडद्याएवढं मोठं करण्याचं काम टीव्हीमधली चिप करतेच, आणि बहुतेक वेळा बरं करते. हँडब्रेकमध्ये ‘अलाऊ अपस्केलिंग’ची खूण काढून ठेवा.

लहान करताना फक्त रुंदी द्या आणि उंची प्रमाणातून निघू द्या. वरच्या नमुन्यातली १९२० बाय ८००ची फाइल घेऊ. रुंदी १२८० केली म्हणजे दोन तृतीयांश. ८००चे दोन तृतीयांश ५३३.३३. अपूर्णांक पिक्सेल नसतो. शिवाय रंगाची माहिती चार पिक्सेलच्या चौकोनाला मिळून एकदाच साठवतात, त्यामुळे रुंदी-उंची दोन्ही सम हव्यात. मग ५३४ घ्या, विषय संपला. पण जुना प्लेअर १६ने भाग जाणारी मापं मागत असेल तर ५२८ किंवा ५४४ करावं लागतं आणि चेहरे एक टक्का बसके किंवा दोन टक्के लांबट होतात. अशा वेळी मी मूळ चित्राच्या वरून चार आणि खालून चार ओळी कापतो. ८०० चे ७९२ झाले, त्याचे दोन तृतीयांश बरोबर ५२८, आणि ५२८ म्हणजे १६ गुणिले ३३. प्रमाण अचूक, आणि आठ ओळी गेलेल्या कोणाच्या लक्षातही येत नाहीत. चित्रातच काळ्या पट्ट्या भाजलेल्या असतील तर त्याही याच टप्प्यावर कापा. हँडब्रेक त्या आपोआप ओळखतो, पण रात्रीचे प्रसंग जास्त असले की अंदाज चुकून खरं चित्र कापतो, तेव्हा प्रिव्ह्यू बघूनच पुढे जा.

उभ्या व्हिडिओंचं वेगळं. मोबाइल अनेकदा चित्र आडवंच साठवतो आणि ‘९० अंशात फिरव’ अशी खूण सोबत ठेवतो. ती न वाचणाऱ्या टीव्हीवर सगळे आडवे पडलेले दिसतात. एन्कोड करताना चित्र खरोखर फिरवून लिहावं लागतं, आणि फिरलं का ते प्रिव्ह्यूत दिसतं. उभ्या व्हिडिओची उंची ७२० करू नका. रुंदीला जेमतेम ४०५ पिक्सेल उरतात आणि चेहरे धूसर होतात. उंची १०८० ठेवा, रुंदी ६०८. आडव्या पडद्याचा तिसरा हिस्साच वापरला जातोय, तिथे काटकसर कसली करायची?

टेपच्या फाइल्सवर थोडं थांबतो, कारण सगळ्यात जास्त नासाडी तिथेच होते. कॅमकॉर्डरचं चित्र इंटरलेस्ड असतं: एका फ्रेममध्ये सम ओळी एका क्षणाच्या आणि विषम ओळी सेकंदाच्या पन्नासाव्या भागाने पुढच्या क्षणाच्या. हात हलला की कडेला कंगव्यासारखे दाते दिसतात, ते यामुळे. असं चित्र डीइंटरलेस (दोन क्षणांच्या ओळी वेगळ्या करून पूर्ण फ्रेम बनवणं) न करता लहान-मोठं केलं की दोन क्षणांच्या ओळी एकमेकीत मिसळतात, आणि मग ते दाते कुठलाही फिल्टर काढू शकत नाही. म्हणून क्रम पक्का लक्षात ठेवा: आधी डीइंटरलेस, मग क्रॉप (कडा कापणं), मग आकार. फिल्टर याडिफ किंवा बीडब्ल्यूडिफ, आणि त्यात बॉबचा पर्याय. त्याने २५ इंटरलेस्ड फ्रेमच्या ५० पूर्ण फ्रेम होतात आणि टेपवरची मूळ सलग हालचाल टिकते. साध्या पर्यायात २५च उरतात, अर्धी हालचाल जाते. चालणारा माणूस पुढे-मागे हिसकल्यासारखा दिसला तर ओळींचा क्रम उलटा धरला गेलाय. डीव्ही (डिजिटल कॅमकॉर्डरच्या) टेपमध्ये खालची ओळ आधी असते, व्हीएचएसवरून कॅप्चर केलेल्या फाइल्समध्ये बऱ्याचदा वरची.

टेपच्या चित्रातला कणकणपणाही महागात पडतो. एन्कोडरला तो तपशीलच वाटतो आणि निम्मा बिटरेट (सेकंदाला खर्च होणारी माहिती) ती मुंग्यांची वळवळ जपण्यात जातो. हलका डीनॉइज लावला की फाइल बरीच उतरते आणि चित्र शांत होतं. हलका म्हणजे हलकाच. जोर वाढवला की आजीच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्याही पुसल्या जातात, आणि मग तो चेहरा मेणाचा दिसतो. डीव्हीची मूळ एव्हीआय फाइल तासाला साधारण १३ जीबी खाते आणि टीव्हीवर चालत नाही, तरी ती टाकून देऊ नका. टीव्हीसाठी केलेली ही पाहण्याची प्रत, मूळ ते मूळ.

रंगाचं एक बारीकसं प्रकरण. एचडी व्हिडिओतले रंग बीटी.७०९ या सूत्राने साठवतात, जुन्या ५७६ ओळींच्या व्हिडिओतले बीटी.६०१ ने. १०८०ची फाइल ५७६वर आणली आणि सूत्राची नोंद फाइलमध्ये गेली नाही, तर टीव्ही नुसता आकार बघून ६०१ धरतो आणि त्वचेचा, झाडांचा रंग जरासा सरकतो. ७२० किंवा त्याच्या वर थांबलात तर ही भानगड उद्भवत नाही. एचडी व्हिडिओ ७२०च्या खाली न नेण्याचं हेही एक कारण.

फाइल्स मूळपेक्षा मोठ्या का झाल्या? कन्व्हर्टरने ठरावीक बिटरेट लावला म्हणून. अर्ध्या तासाची मूळ फाइल १.५ मेगाबिटची असेल तर ती सुमारे ३४० एमबी. तिलाच ५ मेगाबिट दिले की ११२५ एमबी, आणि चित्र मात्र आधीपेक्षा किंचित वाईटच. त्यापेक्षा दर्जा ठरवा आणि बिटरेट एन्कोडरला ठरवू द्या. हँडब्रेकमध्ये याला कॉन्स्टंट क्वालिटी म्हणतात, एफएफएमपेगमध्ये सीआरएफ. आकडा लहान तेवढा दर्जा चांगला, आणि साधारण ६ने वाढवला की फाइल निम्म्यावर येते. एक्स२६४साठी टेपच्या फाइल्सना १९-२०, ७२०ला २०-२१ आणि १०८०ला २१-२२ हे माझे नेहमीचे आकडे. एक्स२६५चा (एचईव्हीसीच्या एन्कोडरचा) आकडा याच मापाने वाचू नका. एक्स२६४चं मूळ सेटिंग २३ आहे आणि एक्स२६५चं २८, दोन्हींच्या मोजपट्ट्या वेगळ्या.

प्रीसेट मीडियम किंवा स्लो. त्याहून हळू गेलात तर वेळ भरपूर जातो आणि हाती फारसं लागत नाही. ग्राफिक्स कार्डवरचं एन्कोडिंग खूप वेगाने होतं, पण तेवढ्याच दर्जाला फाइल मोठी होते. शेकडो मोबाइल क्लिप उरकायच्या असतील तर ते चालेल, टेपसाठी नको. टू-पास (व्हिडिओ दोनदा वाचून बिटरेट वाटणं) फक्त आकार ठरलेला असेल तेव्हा, म्हणजे दोन तासांचा सिनेमा फॅट३२वर बसवायचाच असेल तर. ४ मेगाबिटला दोन तासांचे ३.६ जीबी होतात, १२८ किलोबिटचा ऑडिओ ११५ एमबी. बसतं.

अडखळण्याचं एक कारण सरासरीत दिसत नाही. फाइलचा सरासरी बिटरेट ६ मेगाबिट असला तरी पाऊस, कारंजं, कॉन्फेटी अशा जागी तो क्षणभर ३०-४० वर उडी मारतो. पेन ड्राइव्ह ते सहसा पेलतो, वायफायवरून डीएलएनएने (घरच्या नेटवर्कवरून टीव्हीला फाइल पुरवण्याची सोय) बघत असाल तर तिथेच चित्र थांबतं. यासाठी कमाल बिटरेट आणि बफरची मर्यादा घालता येते. १०८०ला १५ मेगाबिट कमाल आणि तेवढाच किंवा दुप्पट बफर पुरतो. नेटवर्कवरूनच बघायचं असेल तर हँडब्रेकमध्ये ‘वेब ऑप्टिमाइझ्ड’ची खूणही करा. एमपी४ची अनुक्रमणिका एरवी फाइलच्या शेवटी असते, ती पुढे येते आणि फाइल लवकर सुरू होते.

यूएसबीवाला जुना डीव्हीडी प्लेअर असेल तर वरचं बरंचसं विसरा. त्याला एच.२६४ कळत नाही. एव्हीआयमध्ये एक्सव्हिड हा जुना कोडेक, ७२० बाय ५७६च्या आत, एमपी३ ऑडिओ, आणि क्यूपेल व जीएमसी ही दोन्ही सेटिंग बंद. मापं १६ने भागली जाणारी ठेवा, ते प्लेअर त्याबाबत फार हट्टी असतात.

सबटायटल मराठी असतील तर एसआरटी फाइल यूटीएफ-८मध्ये साठवा आणि नाव व्हिडिओसारखंच ठेवा. तरीही अनेक टीव्ही देवनागरीची जोडाक्षरं मोडतात, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला टाकतात, किंवा नुसते चौकोन दाखवतात. टीव्हीमधल्या फॉन्टला आणि अक्षरजुळणीला आपण काही करू शकत नाही. तिथे सबटायटल चित्रातच भाजणं हाच मार्ग, आणि ते आकार बदलल्यानंतर भाजायचं. आधी भाजून मग लहान केलं तर अक्षरांच्या कडा पुसट होतात. ‘तेवढंच बदलायचं’ या नियमाला इथे मुरड पडते, कारण चांगला चालणारा व्हिडिओही यासाठी पुन्हा एन्कोड करावा लागतो.

सगळा साठा रांगेत लावण्याआधी प्रत्येक प्रकारातली एकेक फाइल घ्या: एक टेपची, एक डिस्कची, एक आडवी मोबाइलची, एक उभी. प्रत्येकीतला सगळ्यात अवघड मिनिटभराचा तुकडा एन्कोड करा. अवघड म्हणजे पाणी, गर्दी, झाडांची पानं, अंधारातला दिवा. हँडब्रेकमध्ये रेंजला सेकंद देऊन तेवढाच भाग काढता येतो. ते तुकडे त्याच पेन ड्राइव्हवर, त्याच टीव्हीवर, नेहमीच्या खुर्चीतून बघा. संगणकाच्या पडद्याला नाक लावून बघितलंत तर प्रत्येक सेटिंग वाईटच दिसेल. अंधाऱ्या भागात पायऱ्या-पायऱ्या दिसल्या तर सीआरएफ एक-दोनने कमी करा. अडखळलं तर आधी दुसऱ्या पेन ड्राइव्हवरून चालवून बघा आणि मगच सेटिंगला हात लावा. जुने स्वस्तातले ड्राइव्ह कधीकधी वाचनाचा वेग घालवतात, आणि मग निर्दोष फाइललाही उचक्या लागतात.